जुन्या गाडीच्या चाकांना नेमके बसणारे नट आणि वॉशर कसे निवडायचे

जुन्या गाडीची चाकं बदलताना लोक टायरचा विचार करतात, रिमचा करतात, क्रोमच्या चकाकीचा तर फारच करतात. नट आठवतात ते दुकान बंद व्हायच्या वेळेला. मग निकष एकच उरतो: स्टडवर फिरतोय ना, मग चालेल. (स्टड म्हणजे हबमधून, गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यातून, बाहेर आलेला आट्यांचा दांडा.) घोळ इथेच होतो. स्टडवर फिरणं ही पाचातली एक परीक्षा झाली. उरलेल्या चार अशा: नट चाकाच्या भोकात नेमका कुठे टेकतो, किती आटे धरतो, आत किंवा मागे कशाला अडतो का, आणि त्याच्याखाली वॉशर हवा की नको. या चारही परीक्षा घरी, अंगणात, चाक उतरवून घेता येतात.

पुढचं सगळं जीप, पन्नास ते ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन आणि ब्रिटिश गाड्या, बीटल, जुन्या जपानी गाड्या यांच्यासाठी आहे. मधोमध एकच मोठा ठोकायचा नट असलेली तारांची चाकं हा वेगळा विषय आहे, त्यात आपण शिरत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी), आट्यांचा पिच गेज (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर; मिमी आणि इंच, दोन्ही पात्यांचा), ठरवलेल्या जोराला टिक वाजवणारा टॉर्क रेंच, तारेचा ब्रश आणि निळ्या मार्किंग पेस्टची एक ट्यूब. पेस्ट मिळाली नाही तर जाड मार्कर पेनाची शाई चालते.

पहिली पायरी: आधी स्टड बघा, नट नंतर

चाक उतरवा आणि स्टडचे आटे ब्रशने स्वच्छ करा. बीटल आणि जुन्या मर्सिडीजसारख्या गाड्यांना स्टड नसतात, चाकातून हबमध्ये जाणारे बोल्ट असतात. तिथे नटाऐवजी बोल्टाची निवड करायची, पण आटे आणि बैठक यांचे नियम तेच.

स्वच्छ केलेल्या स्टडवर पिच गेजचं पातं उभं धरून मागून टॉर्च मारा. पात्याचे दात आट्यांत गच्च बसले पाहिजेत. मधल्या भागात फटीतून उजेड दिसला तर तो स्टड ताणला गेला आहे. वर्षानुवर्षं कुणी पान्याला पाइप लावून आवळलं की असं होतं. असा स्टड बदलायचाच, त्यावर नवा नट बसवण्यात अर्थ नाही. नट फिरवताना स्टडच गोल फिरत असेल तर त्याची हबमधली पकड गेली आहे. तोही बाद.

आणि प्रत्येक स्टड तपासा, एकावर भागवू नका. चाळीस-पन्नास वर्षांत गाडी किती गॅरेजं फिरून आली असेल सांगता येत नाही. एकाच चाकावर चार मूळ स्टड आणि पाचवा भलत्याच मापाचा, हे जुन्या गाड्यांत सर्रास सापडतं.

दुसरी पायरी: आटे ओळखा

व्हर्नियरने स्टडचा बाहेरचा व्यास घ्या, गेजने पिच घ्या, दोन्ही लिहून ठेवा. नेहमी भेटणारी मापं ही:

विलिज जीप आणि तिच्या वंशातल्या महिंद्रच्या जुन्या जीप, फोर्ड मस्टँग, क्रायसलरच्या बहुतेक गाड्या: १/२-२० यूएनएफ (इंचातल्या बारीक आट्यांचं प्रमाण), म्हणजे १२.७ मिमी व्यास आणि इंचाला २० आटे. साठच्या दशकातल्या शेव्हर्ले कॅमॅरो, शेव्हेल: ७/१६-२०, व्यास ११.१ मिमी. ब्रिटिश मिनी आणि मॉरिस मायनर: ३/८-२४. चार भोकांच्या चाकांची बीटल: एम १४ × १.५ चे बोल्ट, म्हणजे १४ मिमी व्यास आणि १.५ मिमी पिच. जुन्या टोयोटा, होंडा: एम १२ × १.५. निस्सान, सुझुकी: एम १२ × १.२५. आपली मारुती ८०० शेवटच्या गटात येते.

यूएनएफ आट्यांवर अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाचं एकमत झालं ते १९४८ च्या अखेरीस. त्याआधीच्या ब्रिटिश गाड्यांना बहुधा बीएसएफ, म्हणजे जुन्या ब्रिटिश प्रमाणाचे बारीक आटे असतात. त्यात ३/८ ला इंचाला २० आटे, १/२ ला १६, आणि आट्याचा कोनही ६० ऐवजी ५५ अंश. गाडी युद्धपूर्व ब्रिटिश असेल तर गेजचं तिसरं, व्हिटवर्थचं (५५ अंशांच्या आट्यांचं) पातं हवं.

आता या सगळ्यातला खरा सापळा. १/२-२० ची पिच आहे १.२७ मिमी. एम १२ × १.२५ ची १.२५. फरक डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही जाणवत नाही. त्यामुळे १/२ चा नट एम १२ च्या स्टडवर छान, हलक्या हाताने, सरसर फिरतो. इतका छान की माणसाला वाटतं, व्वा, नवा नट! पण त्या नटाच्या आतल्या आट्यांचा व्यास साधारण साडेअकरा मिमी आणि स्टडचा बाहेरचा जेमतेम बारा. म्हणजे एकमेकांत अडकलेला पोलादाचा भाग अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. आवळताना थोडा जोर घेतो, आणि मग एक तर तिथेच आटे सोलून निघतात, नाहीतर घाटात निघतात. नट फिरवण्याआधी स्टडच्या टोकावर दोन-तीन आटे चढवून आडवा हलवून बघा. नेमक्या मापाचा नट किंचित हलतो, चुकीचा डुगडुगतो. शंका आली की व्हर्नियरवर विश्वास ठेवा.

तिसरी पायरी: आटे उलटे तर नाहीत?

जुन्या विलिज जीपच्या आणि साधारण १९७० पर्यंतच्या बऱ्याच क्रायसलर, डॉज, प्लिमथ गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ही योजना होती. स्टडच्या टोकावर बहुधा इंग्रजी 'एल' कोरलेला असतो, पण गंजात आणि रंगात तो बुजतो. म्हणून स्टड नजरेसमोर उभा धरल्यासारखा बघा: आटे डावीकडून उजवीकडे चढत गेले तर सुलटे, उजवीकडून डावीकडे चढत गेले तर उलटे.

अमेरिकन पुस्तिका वाचणाऱ्यांनी एक जपावं. त्यांत 'ड्रायव्हरच्या बाजूला उलटे आटे' असं लिहिलेलं असतं. त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या जीपला ते वाक्य जसंच्या तसं लावलं तर बरोबर उलटी बाजू पकडाल. बाजू नेहमी गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरची डावी-उजवी अशीच धरा. डावीकडचा नट निघत नाही म्हणून पाइप घालून लटकणारे मेकॅनिक अजून भेटतात, आणि त्यात स्टड तुटतो. मधल्या कुठल्यातरी मालकाने कंटाळून सगळे स्टड सुलटे करून घेतले असतील, हीही शक्यता आहे. त्यामुळे पुस्तकापेक्षा समोरचा स्टड खरा.

चौथी पायरी: बैठक

नट चाकाला जिथे टेकतो ती जागा म्हणजे बैठक. तिचे तीन प्रकार.

पहिला शंकूचा. नटाचं तोंड निमुळतं, भोकाची कडाही तशीच तिरकी, बहुधा ६० अंशांची. जीपची आणि बहुतेक अमेरिकन, जपानी गाड्यांची पोलादी चाकं अशीच. दुसरा गोलाईचा: नटाचं किंवा बोल्टाचं तोंड चेंडूसारखं गोलसर. फोक्सवॅगन, मर्सिडीज, पोर्शे आणि होंडाची मूळ चाकं यात येतात. तिसरा सपाट: भोक सरळ आरपार, वरचा खळगा सपाट, आणि नटाला खाली नळीच्या आकाराची मान. ही मान भोकात उतरते आणि नटाचं डोकं वॉशरवर बसतं. यालाच शँकवाला किंवा मॅग नट म्हणतात.

शंकू आणि गोलाई एकमेकांत मिसळली तर दिसायला फारसं काही कळत नाही. इथे निळी पेस्ट कामाला येते. नटाच्या तोंडावर तिचा अगदी पातळ हात द्या, चाक जागेवर लावून तो नट बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, मग छोट्या पान्याने किंचित दाब देऊन परत काढा आणि भोकाच्या कडेकडे बघा. सलग, रुंद निळी कडी उमटली तर बैठक जुळली. केसाइतकी बारीक रेघ उमटली तर शंकूत गोल किंवा गोलात शंकू घातला आहे. सगळा भार त्या रेघेवर येणार, अॅल्युमिनियमचं चाक तिथे दबत जाणार आणि नट सैल होत राहणार. एका बाजूलाच चंद्रकोर उमटली तर नटाचा दोष नाही. भोकं आणि स्टड यांची वर्तुळं जुळत नाहीत, म्हणजे चाकच दुसऱ्या मापाचं आहे.

भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. तो तपासायची सोपी रीत: चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर म्हणजेच पीसीडी. पाच भोकांत शेजारच्या दोन केंद्रांतलं अंतर १.७०१ ने गुणा. जीपला ते अंतर ८२.१ मिमीच्या आसपास मिळेल, म्हणजे पीसीडी १३९.७ मिमी, साडेपाच इंच. शेव्हर्लेचा पावणेपाच इंच म्हणजे १२०.६५ मिमी, आणि बीएमडब्ल्यूची चाकं १२० ची. 'अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय' म्हणून ही चाकं एकमेकांना लावणारे आहेत. तुम्ही लावू नका.

पाचवी पायरी: शँकवाले नट आणि त्यांचे वॉशर

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबू.

साठच्या दशकात अमेरिकेत हलक्या धातूच्या ओतीव चाकांची लाट आली. अमेरिकन रेसिंग कंपनीचं टॉर्क थ्रस्ट १९६३ मधलं, क्रेगरचं एस/एस १९६४ मधलं. क्रेगर एस/एसची कडा पोलादी आणि मधला भाग ओतीव अॅल्युमिनियमचा, वरून सगळं क्रोम. अशा बऱ्याच चाकांना शँकवाले नट लागतात. एकच चाक अनेक गाड्यांना बसावं म्हणून काहींत गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवल्या, या चाकांना युनिलग म्हणतात. त्यांच्या खाचेवर लंबगोल वॉशर बसतो. त्याचं भोक मध्यावर असतं किंवा एका बाजूला सरकवलेलं असतं.

साडेचार आणि पावणेपाच इंच या दोन पीसीडींत फरक पाव इंचाचा, पण त्रिज्येत तो फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीच्या किंचित वर. सरकवलेल्या भोकाचा वॉशर नेमकं हेच अंतर भरून काढतो. त्याचं भोक चाकाच्या केंद्राकडे ठेवलं की लहान वर्तुळ, बाहेर ठेवलं की मोठं. पाचही वॉशर एकाच दिशेला हवेत: सगळे आत किंवा सगळे बाहेर. एक जरी उलटा गेला तर चाक केंद्रावरून सरकून बसतं आणि गाडी साठच्या वेगाला थरथरते. मग लोक बॅलन्सिंगवाल्याच्या नावाने बोटं मोडतात.

वॉशर घेताना त्याच्या भोकाचं माप स्टडवरून काढायचं नाही, शँकवरून काढायचं. बहुतेक अमेरिकन मॅग नटांची शँक ११/१६ इंच, म्हणजे साडेसतरा मिमीच्या आसपास असते. जपानी गाड्यांच्या मूळ अलॉय (मिश्रधातूच्या) चाकांचे शँकवाले नट वेगळ्या मापाचे. दुकानात जाऊन 'अर्ध्या इंचाचा वॉशर' मागितला तर तो शँकवर चढतच नाही. मग कुणी तो कानसने घासून मोठा करतो, कुणी शँकच लेथवर बारीक करून आणतो. शँक बारीक केली की सगळं संपलं, कारण या चाकांत गाडीचा आडवा भार झेलून चाक मध्यावर धरायचं काम शँकच करते. ती भोकात बोटाने सरकली पाहिजे, पण खडखडता कामा नये.

वॉशर जाडजूड, कडक केलेल्या पोलादाचा हवा, दोन्ही तोंडं सपाट. हार्डवेअरच्या दुकानातला पातळ पत्र्याचा वॉशर पहिल्याच आवळणीत वाटीसारखा वाकतो. स्प्रिंग वॉशर इथे अजिबात नको. जाडी कमी पडते म्हणून दोन वॉशर एकावर एक रचणं हाही उपाय नव्हे. आणि हे तर गाडीच्या टूलबॉक्सवर लिहून ठेवा: शंकूच्या किंवा गोलाईच्या नटाखाली वॉशर कधीही घालायचा नाही. तो घातला की बैठकच नाहीशी होते.

शँकची लांबी तपासायला चाक गाडीवर लावू नका, उलट बाकावर पालथं घाला. पुढच्या बाजूने वॉशर आणि नट भोकात घालून हाताने दाबून धरा आणि हबवर टेकणाऱ्या मागच्या सपाट भागावर पोलादी पट्टी ठेवा. शँकचं टोक पट्टीला लागलं तर ती लांब आहे. नट ब्रेकच्या ड्रमला टेकेल, टॉर्क रेंच टिक वाजवेल आणि चाक मात्र मोकळंच राहील. टोक पट्टीच्या आत किमान दीड मिमी राहिलं पाहिजे. फारच आत राहिलं, भोकाच्या निम्म्यापर्यंतही शँक पोहोचत नसेल, तर ती आखूड. लांब शँक कापून घेता येते, पण कापलेलं तोंड काटकोनात आणि बुरी (कडेला उरलेली धारदार कोर) काढलेलं हवं, आणि पाचही एकसारखी. आखूड शँकला इलाज नाही, दुसरे नट घ्यायचे.

सहावी पायरी: किती आटे धरतात, आणि नट आतून टेकतो का

किमान नियम असा की स्टडच्या व्यासाइतकी लांबी नटात गुंतली पाहिजे. मोजायचं फेऱ्यांनी. नटाने पहिला आटा धरल्यापासून बैठकीला टेकेपर्यंत १/२-२० ला निदान दहा पूर्ण फेऱ्या हव्यात, ७/१६-२० ला नऊ, ३/८-२४ ला नऊ, एम १२ × १.५ ला आठ, एम १२ × १.२५ ला दहा. पातळ पोलादी चाकं काढून जाड अलॉय लावली की फेऱ्या घटतात. पाच-सहावर आल्या तर लांब स्टड घाला. 'बसतंय तेवढं' म्हणून सोडू नका.

याच्या उलट गोष्ट बंद डोक्याच्या, क्रोमच्या टोपीसारख्या नटांची. जाड चाक काढून पातळ लावलं की स्टड जास्त बाहेर येतो आणि त्याचं टोक नटाच्या आतल्या तळाला भिडतं. नट घट्ट, चाक सैल. हे ओळखायला आधी चाक न लावता नट थांबेपर्यंत फिरवा आणि फेऱ्या मोजा. मग चाक लावून मोजा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा निदान दोनने कमी हवा. दोन्ही सारखे आले तर नट तळाला भिडतोय. अशा वेळी उघड्या तोंडाचे नट घेणं सगळ्यात सोपं. दिसायला जरा रांगडे दिसतात, पण जीपला तेच शोभतात.

सातवी पायरी: खरेदी

मुंबईत नटबोल्टांसाठी नागदेवी स्ट्रीट आणि गाड्यांच्या सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊस परिसर, पुण्यात नाना पेठ. जाताना जुना नट, शक्य असेल तर एक जुना स्टड आणि भोकाच्या बैठकीचा फोटो बरोबर न्या. गल्ल्यावर मापं सुतात चालतात. 'शेठ, चार सुताचा व्हील नट, बारीक आट्याचा, शंकूचा, उघड्या तोंडाचा, पाच सुलटे आणि पाच उलटे' एवढं एका दमात सांगता आलं की समोरचा माणूस गिऱ्हाइकाला गांभीर्याने घेतो. साडेतीन सूत म्हणजे ७/१६, तीन सूत म्हणजे ३/८.

उलट्या आट्यांचे नट, युनिलगचे वॉशर आणि शँकवाले नट आपल्याकडे सहज मिळत नाहीत, बहुधा अमेरिकेतून मागवावे लागतात. मागवताना पाच मापं कळवा: आटे, शँकचा व्यास, शँकची लांबी, वॉशरच्या भोकाचा प्रकार, आणि पान्याचं माप. एका चाकाचे जास्तीचे नट सोबतच मागवा, नंतर एकच नट मागवायला पार्सलचा खर्च नटापेक्षा जास्त येतो.

पोलादाच्या नटावर वरून पातळ क्रोमची टोपी दाबून बसवलेले दोन तुकड्यांचे नट टाळा. पावसाळ्यात टोपीखाली गंज फुगतो आणि पाना बसेनासा होतो. एकसंध नट घ्या. पान्याचंही बघा: ३/४ इंचाच्या नटाला १९ चा बॉक्स पाना नीट बसतो, पण १३/१६ ला २१ चा लावला तर तो कोपरे गोल करतो.

आठवी पायरी: बसवणं

चाकं नुकतीच पावडर कोटिंग करून आली असतील तर बैठकीवरचा आणि हबला टेकणाऱ्या भागावरचा थर काढून टाका. खरं तर कोटिंगवाल्याला आधीच ती जागा टेप लावून झाकायला सांगायला हवं. तो थर दाबाखाली चेपतो, आवळणी आपोआप उतरते, आणि नव्या रंगाची गाडी पहिल्याच सहलीत चाकातून कटकट आवाज करू लागते.

आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा. खालचे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. तेल लावलं तर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. सगळे नट आधी हाताने लावा, चाक हवेत असताना हलकेच टेकवा, मग गाडी खाली घेऊन समोरासमोर क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. पाच नटांत एक सोडून एक असा चांदणीचा क्रम धरा. लंबगोल वॉशर असेल तर आवळताना तो खळग्यात फिरत नाही ना, हे बोटाने धरून बघा.

गाडीच्या पुस्तिकेतला आकडा मिळाला तर तोच पाळा. नसेल तर साधारण अंदाज: ३/८ ला ५७ ते ६० न्यूटन-मीटर, ७/१६ ला ७५ ते ८८, १/२ ला १०० ते ११५, एम १२ ला ९५ ते १०८. टायरवाल्याकडच्या हवेच्या गनने जुन्या स्टडवर आवळू देऊ नका. नम्रपणे सांगा, नाही ऐकलं तर स्वतः हाताने करा.

ऐंशी ते दीडशे किलोमीटर गाडी चालल्यावर, चाकं थंड असताना, त्याच आकड्याला पुन्हा रेंच लावा. अॅल्युमिनियमच्या चाकांत या वेळी नट थोडासा फिरतो, ते अपेक्षितच आहे. पुढच्या शंभर किलोमीटरनंतर तोच नट पुन्हा फिरला तर मात्र तो काढा, निळी पेस्ट लावा आणि चौथ्या पायरीवर परत या.